यंत्र आणि कारभार : अभियांत्रिकी व्यवस्थापनाच्या पदवीविषयी प्रस्तावना

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागातील, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या चांदूर बाजार तालुक्यात, मग घर संत्र्याच्या बागायतदाराचे असो, अडत्याचे असो की जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे असो, एकच विचारविनिमय चाललेला असतो : मुलाने सिव्हिल घ्यावे, मेकॅनिकल घ्यावे, इलेक्ट्रिकल घ्यावे, की सर्वांप्रमाणे संगणकाकडे वळावे. या चर्चेत अभियांत्रिकी व्यवस्थापन या शाखेचे नाव सहसा निघत नाही. आणि पुण्याला अथवा परदेशी असलेल्या एखाद्या आप्ताने ते काढलेच, तर ‘आधी इंजिनिअर तर होऊ द्या, व्यवस्थापनाचे मग बघू’ असे म्हणून तो विषय तेथेच मिटविला जातो. हे उत्तर देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यात व्यवहाराचा अंशही आहे. परंतु व्यवस्थापन ही पदवीनंतर, बढतीच्या सुमारास शिकावयाची गोष्ट होय, असे जे त्यात गृहीत धरलेले असते, ते तपासून पाहण्याजोगे आहे. पदवीच्या चार वर्षांतच यंत्रविद्या आणि कारभारविद्या यांचे अध्ययन एकत्र व्हावे, आणि तसे ते झाले तर वऱ्हाडासारख्या मुलखातील मुलामुलींना त्याचा विशेष लाभ होईल, असे माझे मत आहे. वाचक पुढील प्रकरणांकडे वळण्यापूर्वी त्या मताची कारणे त्याच्यापुढे ठेवणे हे प्रस्तावना लिहिणाराचे कर्तव्य आहे, असे मी समजतो.

प्रथम या शाखेचे स्वरूप पाहू. ज्या विद्यापीठांत ही पदवी दिली जाते, तेथे विद्यार्थी पहिली दोन वर्षे इतर अभियंत्यांच्या शेजारीच बसतो. गणित, पदार्थविज्ञान, बलशास्त्र, उष्मागतिकी, विद्युत्-परिपथ यांतून त्याची सुटका नसते, आणि नसावी. त्यानंतर संख्याशास्त्र, ऑपरेशन्स रिसर्च, परिव्यय-लेखांकन, गुणवत्तेचे नियंत्रण, प्रकल्पाचे नियोजन, कामगारविषयक कायदे आणि माणसांच्या समूहाचे वर्तन असे विषय येतात, आणि अखेरच्या वर्षी एखाद्या कारखान्यातील प्रत्यक्ष अडचण हाती घेऊन ती सोडवावी लागते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ताळेबंद वाचता येतो, पण ज्या यंत्रावर घसारा लावला आहे त्या यंत्राला काय होते हे ठाऊक नसते; उलट शुद्ध यंत्रशाखेच्या पदवीधराला यंत्राची नाडी कळते, पण ते यंत्र वर्षातून किती दिवस चालले तर त्याचे कर्ज फिटेल, हा प्रश्न आपला आहे असेच वाटत नाही. दोन्ही प्रश्न ज्याला एकाच वेळी आपले वाटतात असा मनुष्य घडविणे हा या शाखेचा उद्देश आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने 1914 साली इंजिनिअरिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या नावाने पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि 1967 साली मिसूरी राज्यातील रोला येथील विद्यापीठात अभियांत्रिकी व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. म्हणजे ही शाखा आजकालच्या लाटेतून निघालेली नाही. तिच्या मागे शतकाहून अधिक काळाचा विचार आहे.

त्या विचाराचा आरंभ साधारणपणे 1886 सालापासून मानतात. त्या वर्षी हेन्री टाउन या कुलुपांच्या कारखानदाराने अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या सभेपुढे एक निबंध वाचला आणि असे प्रतिपादन केले, की कारखान्याचा कारभार हा यंत्ररचनेइतकाच महत्त्वाचा विषय असून त्याची चर्चा अभियंत्यांनीच केली पाहिजे, कारण खर्च कोठे उत्पन्न होतो हे त्यांच्याइतके कोणालाच दिसत नाही. पुढे 1916 साली फ्रान्समधील आंरी फायोल या खाणींच्या अभियंत्याने आयुष्यभराच्या अनुभवाचे सार ग्रंथरूपाने मांडताना अभियांत्रिकी विद्यालयांवर स्पष्ट आक्षेप घेतला : ही विद्यालये तरुणांना गणिताच्या ओझ्याखाली वाकवितात आणि ज्या कारभारात त्यांचे निम्मे आयुष्य जाणार, त्याचा एक धडाही देत नाहीत. फायोलचा हा आक्षेप आपल्याकडील पदवी-अभ्यासक्रमांना आजही लागू पडतो.

ज्या 1886 साली टाउनने आपला निबंध वाचला, त्याच साली आपल्या वऱ्हाडात कारंजा येथे, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये, या देशातील पहिला नियंत्रित कापूस-बाजार भरू लागला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो. रेल्वे आली होती, 1870 मध्ये खामगावपर्यंत खास कापसासाठी फाटा टाकला गेला होता, सरकी काढणारी व गाठी दाबणारी यंत्रे ठिकठिकाणी बसत होती. म्हणजे यंत्रविद्येने आपले काम चोख केले होते. तरीही शेतकऱ्याच्या गाडीचे माप खोटे होत असे, दलाली किती कापावी याला शिरस्ता नव्हता, आणि विलायतेतील गिरण्यांना स्वच्छ माल हमखास मिळेल याची शाश्वती नव्हती. ही उणीव कोणत्याही नव्या यंत्राने भरून निघण्यासारखी नव्हती. तिच्यासाठी जागा ठरवावी लागली, मापाऱ्यांना व दलालांना परवाने द्यावे लागले, वजनाची व वटावाची रीत बांधावी लागली आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारी समिती नेमावी लागली. 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा जो कायदा झाला, तो पुढे देशभरातील बाजारविषयक कायद्यांना नमुना म्हणून उपयोगी पडला. त्या कायद्याच्या पाठीमागे परकी सत्तेचा स्वार्थ होता हे खरेच. परंतु यंत्र आले तरी त्याच्या भोवतीची व्यवस्था बसविल्यावाचून त्याचे फळ पदरात पडत नाही, हा अनुभव आपल्या मुलखाने इतका पूर्वी घेतलेला आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

याच सत्याचा दुसरा दाखला विश्वेश्वरय्यांच्या चरित्रात सापडतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियंता होऊन ते 1884 साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले, आणि खडकवासल्याला त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे सर्वांना ठाऊक आहेत. शाळेच्या पुस्तकांतही तेच सांगितलेले असते. दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी जी गटवार सिंचनाची पद्धत सुचविली, तिचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही, आणि माझ्या मते तिची योग्यता त्या दरवाजांहून कमी नाही. कालवा तर होता, पाणीही होते. पण पाणी मागणारी शेते इतस्ततः विखुरलेली असल्यामुळे पाटातच पाणी मुरे, वरच्या गावांना अति होई आणि शेवटच्या गावांची पाळी येईपर्यंत पीक वाळे. विश्वेश्वरय्यांनी त्यात खोदकाम वा बांधकाम वाढविण्याची तजवीज केली नाही. जमिनीचे सलग गट पाडावेत, त्यात पिकांचा फेर ठरवून द्यावा आणि त्या गटांना ठराविक वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावी, एवढेच सुचविले. तेवढ्यानेच त्याच कालव्यात अधिक शेतांची तहान भागविण्याची शक्ती आली. आज आमच्या चांदूर बाजार तालुक्यात विश्रोळी येथे पूर्णा नदीवर मध्यम प्रकल्प उभा आहे. 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांच्या हाती सिंचनाचा कारभार सोपविण्याची सोय केली आहे. आणि तरीही आपल्या पाण्याची पाळी कोणत्या तारखेस येईल हे टोकाच्या शेतकऱ्याला आधी समजणे, हा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. धरण बांधणारा अभियंता आपल्याला मिळतो. बांधलेल्या धरणाचे पाणी न्यायाने व वेळेवर वाटणारा अभियंता घडविण्याची विद्यालये मात्र आपण काढलेली नाहीत.

आता वाचकाला मी जिनिंगच्या आवारात घेऊन जाऊ इच्छितो, कारण वऱ्हाडातील विद्यार्थ्याला या शाखेची प्रयोगशाळा हवी असेल तर ती दिवाळीनंतर त्याच्या गावाच्या वेशीवरच उघडते. शंभर क्विंटल कापूस घ्या. रुईचा उतारा शेकडा 34 धरला, तर त्यातून 34 क्विंटल रुई निघेल आणि 170 किलोची एक याप्रमाणे तिच्या बरोबर 20 गाठी होतील. उतारा एका टक्क्याने घसरला, तर एक क्विंटल रुई, म्हणजे अर्ध्या गाठीहून अधिक माल, सरकीला चिकटून गेला. हा उतारा वाणावर अवलंबून असतो, ओलाव्यावर असतो आणि यंत्रावरील रोलरांची झीज वेळेवर पाहिली की नाही यावरही असतो. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा आठ टक्के. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भावात कपात, आणि त्यावर गेल्यास माल परत. म्हणून पहाटेच्या दवात वेचलेला कापूस लगोलग गाडीत भरून आणावा की एक दिवस सुकवून आणावा, हा शेतकऱ्याच्या घरचा प्रश्न जिनिंगच्या यंत्रशाळेतील प्रश्नाशी बांधलेला आहे, आणि या दोहोंना बांधणारा धागा पाहावयाचा तर पदार्थविज्ञान आणि हिशेब ही दोन्ही अवगत असावी लागतात.

पण सर्वांत बोलके स्थळ म्हणजे वजनाचा काटा. हंगामात ट्रॅक्टरांची आणि गाड्यांची रांग आवाराबाहेर रस्त्यापर्यंत जाते, हमाल ताटकळतात, शेतकरी गाडीखाली रात्र काढतो, आणि मालक म्हणतो की आणखी यंत्रे बसविल्याशिवाय हे आवरणार नाही. येथे रांगांचे गणित उपयोगी पडते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने 1909 साली ज्याचा पाया घातला, ते हेच शास्त्र. समजा, काट्यावर तासाला सरासरी 20 गाड्या येतात आणि काट्याची शक्ती तासाला 22 गाड्या उरकण्याची आहे. वरवर पाहता सगळे ठीक दिसते, कारण येणाऱ्यांपेक्षा उरकण्याची शक्ती जास्त आहे. परंतु गाड्या ठरवून, अंतरा-अंतराने येत नाहीत, आणि प्रत्येकीला लागणारा वेळही सारखा नसतो. त्यामुळे या विद्येच्या साध्या सूत्रानुसार काट्यापाशी सरासरी 10 गाड्या उभ्या राहतात आणि प्रत्येकीचा अर्धा तास जातो. आता नोंद लिहिणारा आणखी एक कारकून ठेवून, पावतीची रीत सुधारून, हीच शक्ती 22 वरून 25 वर नेली, तर उभ्या गाड्या सरासरी 4 होतात आणि वेळ अर्ध्या तासावरून 12 मिनिटांवर येतो. तीन गाड्यांच्या फरकाने रांग निम्म्याहून खाली येते. हे गणित एकदा ज्या मुलाला समजले, तो नवे यंत्र विकत घेण्याची दरखास्त मांडण्यापूर्वी हातात घड्याळ घेऊन काट्यावर उभा राहील. चार वर्षांच्या अभ्यासातून एवढी एक सवय जरी लागली, तरी त्याच्या मालकाचे लाखो रुपये वाचतील आणि शेतकऱ्याची रात्र घरी जाईल.

हंगाम हा वऱ्हाडातील उद्योगाचा मूळ स्वभाव आहे, आणि पुण्या-मुंबईच्या कारखान्यांवर रचलेली पुस्तके त्याविषयी जवळजवळ मौन पाळतात. जिनिंग चार-पाच महिने चालते. उरलेल्या काळात यंत्रे गंजतात, कुशल कामगार पांगतात, पण कर्जाचे व्याज थांबत नाही. वीज कंपनीच्या दरपत्रकात हंगामी उद्योगांचा निराळा वर्ग आहे, वर्षातून नऊ महिन्यांपर्यंत चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगसारख्या कारखान्यांसाठी तो केलेला आहे. त्याचा अर्ज वेळेवर करणे आणि मंजूर वीजभार नेमका किती ठेवावा हे ठरविणे, हा विद्युत्शास्त्राचा आणि ताळेबंदाचा एकत्र प्रश्न होय. संत्र्याची हीच स्थिती. आंबिया बहराची फळे पावसाळा सरता सरता उतरू लागतात, मृगाची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी; बांगलादेशाने आयातशुल्क वाढविले की अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या पट्ट्यातील भाव कोसळतात, आणि प्रत्येक वेळी शीतगृह व प्रक्रिया-केंद्र यांची मागणी नव्याने उठते. शीतगृहाला किती टन शीतकरण लागेल हे उष्मागतिकी सांगेल. दोन बहरांमधल्या रिकाम्या महिन्यांत त्यात काय ठेवावे, ते भरले नाही तर हप्ता कोठून द्यावा, आणि बागेपासून केंद्रापर्यंत फळ किती तासांत पोचले पाहिजे, हे सांगणारा तंत्रज्ञ आधी सल्लागार म्हणून बसविला असता, तर उभी राहून बंद पडलेली कितीतरी केंद्रे एक तर निराळ्या रीतीने उभी राहिली असती, नाही तर उभीच राहिली नसती.

यंत्रे नवी असली म्हणजे उद्योग टिकतो, ही समजूत अचलपूरकरांना तरी आता बाळगता येणार नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने तेथे आधुनिक यंत्रसामग्रीसह फिनले मिल उभारली; 2020 च्या टाळेबंदीत महामंडळाच्या गिरण्या थांबल्या तेव्हा तीही थांबली. यंत्रे नवी असूनही ते टळले नाही.

येथे एक आक्षेप आदराने विचारात घेतला पाहिजे, कारण तो आपल्याच वऱ्हाडातून निघतो. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचा कारभार शिवशंकरभाऊ पाटलांनी ज्या पद्धतीने अनेक दशके सांभाळला, दर्शनाच्या रांगा, प्रसादालय, स्वच्छता, गावोगावच्या सेवेकऱ्यांच्या पाळ्या हे सारे त्यांनी ज्या शिस्तीने बसविले, त्याची कीर्ती 2021 साली त्यांचे निधन झाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पुन्हा आठवली. त्यांच्यापाशी व्यवस्थापनाची पदवी नव्हती. मग पदवी कशाला? या प्रश्नाला माझे उत्तर असे, की असा पुरुष पिढीतून एखादा निपजतो, आणि त्याच्याजवळची विद्या त्याच्या सहवासात राहिलेल्यांपलीकडे सहसा जात नाही. ती विद्या शंभर सामान्य बुद्धीच्या पण कष्टाळू मुलांपर्यंत पोचवावयाची, तर तिचे निरीक्षण करून, तिला आकड्यांचा व नियमांचा आधार देऊन, ती शिकविण्यायोग्य करावी लागते. विद्यापीठे त्यासाठीच असतात. त्याच संस्थानाचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून शेगावात चालू आहे. मंदिराच्या दर्शनबारीचा शास्त्रीय अभ्यास त्या महाविद्यालयाच्या पदवी-अभ्यासक्रमाचा रीतसर भाग झाला, तर भाऊंच्या कारभाराचा तो उचित गौरव होईल.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे, आणि पालकांनी तो अवश्य लक्षात घ्यावा. ही पदवी घेणारा धड अभियंता नाही आणि धड व्यवस्थापकही नाही अशा स्थितीत अडकेल की काय? अभ्यासक्रम पातळ असेल, तर अडकेल. ज्या ठिकाणी गणित व यंत्रशास्त्र कमी करून त्या जागी भाषणकला आणि सादरीकरण भरलेले आढळेल, तेथून प्रवेश-अर्ज मागे घ्यावा, असेच मी सांगेन. शिवाय महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत् अशा नावाच्या शाखांसाठी असतात. पदवीवर निराळे नाव असले, तर पात्रतेचा प्रश्न उद्भवू शकतो. सरकारी नोकरीची आस असलेल्या मुलामुलींनी जाहिरातीतील शाखांची नावे आधी वाचावीत व मग निर्णय घ्यावा. आपल्या राज्यात हे ज्ञान दीर्घकाळ पदव्युत्तर पातळीवरच राखून ठेवलेले होते. 1963 साली मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्थेने, जिचे रूपांतर 2023 मध्ये आयआयएम मुंबईत झाले, अनेक पिढ्यांना ते उत्तम शिकविले, पण पदवी झाल्यानंतरच. नागपूरच्या रामदेवबाबा महाविद्यालयाने औद्योगिक अभियांत्रिकी ही पदवीची शाखा चालविली, आणि शिरपूर व मुंबई येथे अभियांत्रिकी व व्यवस्थापन यांचा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम आहे. अमरावती विभागात मात्र विद्यार्थ्याला मुख्यतः रूढ शाखाच दिसतात.

तेव्हा आज चांदूर बाजारच्या मुलीने काय करावे? माझा सल्ला असा, की तिने मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल वा सिव्हिल यांपैकी एक भक्कम शाखा घ्यावी आणि तिच्याबरोबर व्यवस्थापन वा औद्योगिक अभियांत्रिकीची मायनर घ्यावी. नव्या नियमांनी अधिक श्रेयांक मिळवून तसे करण्याची मुभा आहे. मेकॅनिकलच्या गेट परीक्षेत साठ्याचे नियंत्रण, उत्पादनाचे नियोजन, रेषीय प्रायोजन, रांगांचे गणित, पर्ट व सीपीएम हे विषय आधीच आहेत, आणि उत्पादन व औद्योगिक अभियांत्रिकीचा निराळा पेपरही आहे. म्हणजे या अध्ययनात वाया जाण्यासारखे काही नाही. जिला परदेशी वा परप्रांती पूर्ण पदवी घेण्याची ऐपत आणि संधी आहे, तिने ती निःशंकपणे घ्यावी. मात्र पहिल्या दोन वर्षांतले शास्त्र कच्चे राहू देऊ नये.

महाविद्यालयांना माझी विनंती याहून अधिक आग्रहाची आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून आहे. बडनेरा व शेगाव येथील महाविद्यालये आणि अमरावतीचे विद्यापीठ ही तिन्ही 1983 सालची. या संस्थांनी मुंबई-पुण्याच्या अभ्यासक्रमाची नक्कल करण्याऐवजी हंगामी उद्योगाचे अभियांत्रिकी व्यवस्थापन हा विषय आपला म्हणून उचलावा. जिनिंग, संत्रा-केंद्र, पाणीवापर संस्था आणि बाजार समिती यांच्याशी रीतसर करार करावेत. वाणिज्य आणि यंत्र या दोन विभागांच्या प्राध्यापकांनी एकाच वर्गात उभे राहून शिकवावे. यासाठी मोठी इमारत लागत नाही, महाग यंत्रे लागत नाहीत. लागते ती विद्वत्सभेची मंजुरी आणि दोन विभागप्रमुखांची संमती.

पुस्तक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटी एवढेच सांगतो. पहिले प्रकरण वाचून झाले, की आपल्या गावाजवळच्या जिनिंगच्या मालकाची परवानगी काढ, हंगामातील एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काट्याजवळ उभा राहा, प्रत्येक गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली हे वहीत लिहून घे, आणि ती वही शेजारी ठेवून मगच दुसरे प्रकरण उघड.